खळ निघेना

दोन वर्षं मी एकच वाक्य बोलत होते. "मास्टर, उकळू नका." मराठीत बोलून पाहिलं, हिंदीत बोलून पाहिलं, मोडक्यातोडक्या गुजरातीतही बोलून पाहिलं. शेवटी वैतागून डाइंग खात्याच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहून घेतलं, सत्तर अंशांच्या वर नाही. मास्टरांनी त्या मजकुरावर खिळा ठोकला आणि आपला टॉवेल वाळत घातला.

लग्न होऊन मी नगरहून सुरतेला आले तेव्हा माझ्याजवळ रसायनशास्त्राची पदवी होती आणि आपल्याला बरंच कळतं असा समज होता. नवरा बँकेत, घर भेस्तानला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला मला पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये लॅब केमिस्टची नोकरी मिळाली. प्रोसेस हाऊस म्हणजे जिथे मागावरून आलेलं कोरं कापड धुतलं, रंगवलं, छापलं जातं ती गिरणी. माझी लॅब डाइंग खात्याच्याच वर होती. लोखंडी जिना चढून गेलं की एक खोली, तिच्यात एक ओटा, एक तराजू, काचेच्या नळ्या आणि खाली खात्यात उघडणारी एक खिडकी. त्या खिडकीतून दिवसभर वाफ यायची. माझ्या वह्यांची पानं बारा महिने ओलसर असत.

आमच्याकडे एरवी सगळं काम पॉलिस्टरचं. पण शेठनी त्या सुमाराला सुती कापडाचं काम घ्यायला सुरुवात केली आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

सुती कापड मागावर विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना पिठाची खळ चढवतात. घरी आपण सुती साडीला कांजी करतो, तोच प्रकार, फक्त जास्त घट्ट. ही खळ रंगवण्याआधी पूर्ण निघावी लागते. जिथे ती राहते तिथे रंग आत शिरत नाही आणि कापडावर फिके ढग उमटतात. नुसत्या पाण्याने ती जात नाही. तिच्या लांब साखळ्या तोडायला काहीतरी लागतं, आणि ते काम एन्झाइम करतं. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, तो थुंकीतल्या असल्याच एका एन्झाइममुळे. तसंच, पण कारखान्यात तयार केलेलं एन्झाइम आमच्याकडे निळ्या ड्रममधून यायचं. तपकिरी, पातळ, शिळ्या गुळाच्या पाण्यासारखा वास. त्याचं थोडं प्रमाण पुरतं, कारण ते स्वतः खर्च होत नाही. एक साखळी तोडली की पुढच्या साखळीला लागतं. पण त्याच्या अटी असतात. पाणी गार असलं तर ते रेंगाळतं. पाणी तापवत नेलं तसा वेग वाढत जातो, आणि एका मर्यादेपलीकडे तापवलं की ते मरतं. अंडं उकडल्यावर पुन्हा कच्चं होत नाही, तसं मेलेलं एन्झाइम पाणी गार केलं तरी जिवंत होत नाही.

एवढंच मला मास्टरांना पटवायचं होतं. दोन वर्षं.

मास्टर म्हणजे आमचे डाइंग मास्टर. साठीच्या पुढचे, अस्सल सुरती, पांढरा लेंगा, वर बनियन. त्यांचं सगळं आयुष्य रंगाच्या वाफेत गेलेलं. उजव्या हाताचं पहिलं बोट पाण्यात बुडवून ते तापमान सांगत आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे, त्यामुळे मी आणलेल्या थर्मामीटरकडे ते पाहुण्यांनी आणलेल्या स्वस्त मिठाईकडे पाहावं तसं पाहत. ते धंदा शिकले तेव्हा एन्झाइम बिन्झाइम काही नव्हतं. कापड तेजाबाच्या पाण्यात मुरवत ठेवायचं, जास्त मुरलं तर कापडच फाटायचं. त्या काळातून आलेल्या माणसाचा एक पक्का विश्वास होता, की वेग वाढवायचा तर वाफेचा व्हॉल्व्ह उघडायचा.

"बेन, आग वधारे तो काम वधारे," ते म्हणत. "घरे दाळ केम पकवो छो? ठंडा पाणीमां?"

"मास्टर, डाळ मेलेलीच असते. तिला काही काम करायचं नसतं."

"तो दवाने शुं काम करवानुं छे? पडी रहेवानुं छे पाणीमां."

एन्झाइमला ते दवा म्हणत. दवा काम करेना म्हटल्यावर त्यांनी तिचा डोस दुप्पट केला. मी खिडकीतून पाहत होते, उकळत्या पाण्यात डबाभर एन्झाइम ओतलं गेलं. मी धावत खाली गेले. म्हटलं, मेलेल्यांची संख्या वाढवून काय होणार? ते म्हणाले, "अर्धी तो जीवशे ने?" निम्मं तरी जगेल की!

आणि त्यांची परीक्षा! खळ गेली की नाही हे पाहायला कापडावर आयोडिनचा थेंब टाकतात. खळ असेल तर थेंब निळाजांभळा होतो, नसेल तर पिवळसर राहतो. मास्टर जिगरवरचं, म्हणजे कापड धुवायच्या-रंगवायच्या यंत्रावरचं, वाफाळतं कापड चिमटीत धरून त्यावर थेंब टाकत आणि मला हाक मारत, "जो बेन, चोख्खुं!" थेंब खरोखर पिवळा असायचा. मी म्हणायचे, कापड गरम आहे, गरमात निळा रंग दिसतच नाही, गार होऊ द्या. कोण थांबतंय? कापड पुढे रंगाला जायचं. मी तो तुकडा कापून वर आणायचे, पंख्याखाली धरायचे आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच थेंबाच्या जागी हळूहळू निळा डाग उगवायचा. तो तुकडा घेऊन मी पुन्हा खाली. तोवर मास्टर चहाला गेलेले.

मग एक दिवस एका व्यापाऱ्याचा मरून रंगाचा सगळा माल परत आला. कापडाचं ठाण उलगडलं तर त्यावर फिके ढगच ढग. शेठनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. शेठ शांत माणूस, आवाज चढवत नसत, पण टेबलावरचा पेपरवेट गोल गोल फिरवत राहत. मास्टर म्हणाले, विणणाऱ्यांनी खळच जास्त लावली. मी म्हटलं, एन्झाइम उकळून मारलं. शेठ म्हणाले, "तुम्ही दोघं आपसात ठरवा. मला कापडावर डाग नको."

बाहेर आल्यावर माझा संयम सुटला. म्हटलं, "मास्टर, उद्या दुपारी माझ्या लॅबमध्ये या. पाच मिनिटं. पटलं नाही तर मी पुन्हा बोलणार नाही."

"पाक्कुं?" त्यांनी आशेने विचारलं.

दुसऱ्या दिवशी डब्यात मी मुद्दाम भाताची पेज नेली होती. मास्टर धापा टाकत जिना चढून आले. मी दोन काचेच्या नळ्यांमध्ये गार पेज घेतली. दोन्हीत आयोडिनचा थेंब टाकून दाखवला, दोन्ही निळ्याशार. मग एका वाटीत थुंकले.

"अरे अरे, बेन!" मास्टर दोन पावलं मागे सरले. "आ शुं करो छो?"

"ही दवा आहे. माझ्या तोंडातली."

अर्धी थुंकी मी तिसऱ्या, रिकाम्या नळीत घेऊन बर्नरवर चांगली उकळली आणि नळाखाली गार केली. मग एका पेजेत कच्ची थुंकी टाकली, दुसरीत उकळलेली, आणि दोन्ही नळ्या कोमट पाण्याच्या भांड्यात उभ्या केल्या. आम्ही दोघं नळ्यांकडे पाहत बसलो. खाली जिगरचे रूळ फिरत होते त्याचा आवाज येत होता. हळूहळू पहिल्या नळीतला निळा रंग जांभळा झाला, मग तांबूस, मग गेलाच. दुसरी होती तशीच निळी.

मास्टरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या. उलट्यासुलट्या करून पाहिल्या. नळ्या बदलल्या तर नाहीत ना म्हणून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पेली नळीमां थूंक वधारे हतुं."

मी पुन्हा केलं. या वेळी थुंकी त्यांनी स्वतः मोजून घातली, चेहरा वाकडा करून. तेच झालं. तिसऱ्यांदा ते म्हणाले की तुमची थुंकी मराठी आहे, तिचा काही भरवसा नाही, आणि स्वतः वाटीत थुंकले. सुरती थुंकीनेही तेच केलं.

जिना उतरताना त्यांनी मला खालून ओरडून सांगितलं, "सत्तर. पण डाग पडे तो जवाबदारी तमारी."

मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी नवं रेसिपी कार्ड लिहायला घेतलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा माझं कुणी ऐकत होतं, तर जे जे पुस्तकात वाचलंय ते सगळं एकदमच करून टाकावं असं वाटलं. पलसाण्याचं बोअरचं पाणी जड. त्यातल्या चुन्याने रंग बिघडतो, म्हणून रंगाच्या पाण्यात एक पांढरी पावडर घालतात, ती पाण्यातला चुना पकडून ठेवते. मी विचार केला, सुरुवातीपासूनच पाणी स्वच्छ असलेलं काय वाईट? आणि कार्डावर लिहिलं, पहिल्या पाण्यात आधी पांढरी पावडर, मग एन्झाइम, तापमान सत्तर. खाली सही केली, तारीख घातली, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून जिगरवर टांगलं.

त्या जिगरवर काम करायचे ते भाऊ अमळनेरकडचे. खात्यातले सगळे त्यांना भाऊच म्हणत. पंचेचाळिशीचे असतील, सडसडीत, कमी बोलणारे. जिगर म्हणजे दोन रूळ आणि मध्ये पाण्याची टाकी. कापड एका रुळावरून सुटतं, पाण्यातून जातं, दुसऱ्या रुळावर गुंडाळतं, मग उलटा फेरा. भाऊ फेरे मोजायचे, व्हॉल्व्ह सांभाळायचे, माझी रसायनं मापाने घालायचे. माझ्याशी ते प्रमाण मराठी बोलायचा प्रयत्न करत, पण दोन वाक्यांनंतर अहिराणी सुरू व्हायची. मला ती अर्धी कळे.

पहिला लॉट निघाला. गार करून थेंब टाकला. निळा.

दुसरा लॉट निळा. तिसरा जांभळट, त्यावर आम्ही आशा धरली. चौथा पुन्हा निळा.

मास्टर माझ्या लॅबच्या दारात उभे राहून नुसते दोन्ही हात पसरत. ते सहन होईना. मी ड्रममधलं एन्झाइम वर आणून नळीत तपासलं. पेजेवर झकास चाललं. म्हणजे ड्रम ठीक होता. पाण्याचा आम्लपणा तपासला, तोही ठीक. वेळ बरोबर, प्रमाण बरोबर. उरलं काय? तापमान. म्हणजे माझी पाठ वळली की कुणीतरी व्हॉल्व्ह उघडतंय. माझी खात्रीच पटली.

मी जिगरपाशी स्टूल टाकून बसायला लागले. वाफेने केस कपाळाला चिकटायचे, साडी गुडघ्यापर्यंत भिजायची. थर्मामीटर हातात घेऊन दर फेऱ्याला बुडवायचे. अडुसष्ट, सत्तर, एकोणसत्तर. आणि तरीही निळा! मग मला वाटलं, मी जेवायला जाते तेवढ्या वेळात काहीतरी होतं. एका दुपारी जेवण अर्धं टाकून मी खाली आले, तर भाऊंचा हात व्हॉल्व्हवर होता.

"भाऊ! मास्टरांनी सांगितलंय ना तुम्हाला? वाफ सोडायला सांगितलीय ना?"

"नही ताई. बंद करी राहिनू. जराशी गळस ती."

"खोटं बोलू नका. महिनाभर मी इथे उकडतेय आणि तुम्ही माझ्या पाठीमागे पाणी उकळताय!"

हे मी सगळ्या खात्यासमोर बोलले. शेजारच्या जिगरवरची माणसं थांबली. भाऊंनी व्हॉल्व्हवरचा हात काढला, कपड्याला पुसला आणि म्हणाले, "मी खोटं बोलस नही." नंतर त्यांनी माझ्याशी बोलणंच सोडलं. मी सांगेन ते करत, विचारलं तर मान हलवत. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, निदान काम तरी नीट होईल. काम काही नीट झालं नाही. घरी जाऊन मी नवऱ्यावर डाफरायचे. तो बिचारा एकदा म्हणाला, "दुसरी कुठली तरी गोष्ट बदलून पाहा की." मी म्हटलं, तुला बँकेतलं कळतं, हे माझ्यावर सोड.

मग एका सोमवारी एक लॉट निघाला आणि मी नेहमीसारखी कंटाळत त्याचा तुकडा कापून गार केला, थेंब टाकला. पिवळा. दुसऱ्या कडेला टाकला. पिवळा. मधोमध टाकला, तरी पिवळा. मी पुन्हा खाली जाऊन आणखी पाच ठिकाणचे तुकडे कापून आणले. सगळे स्वच्छ. खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला मात्र राग आला, कारण हे का झालं ते मला कळत नव्हतं. मास्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "में तो कशुं कर्युं नथी," आणि या वेळी त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं की ते खरं आहे.

मंगळवारी पुन्हा निळा.

आता भाऊंना विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते टाकी धूत होते. मी जवळ जाऊन उभी राहिले. "भाऊ, काल काय वेगळं केलंत?"

त्यांनी पाइप खाली ठेवला. पाणी बंद केलं. मी विचारायची ते वाट पाहत असावेत, पण आपणहून सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं असावं.

"ताई, काल तुमनी धवळी पावडर सरी गयथी. गोडाऊनवाला आज देनार व्हता. मी टाकीच नही."

"पावडर घातलीच नाही?"

"नही. बाकी समदं तुमना कार्डपरमानेच."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, "पावडरीचा काय संबंध?" त्यांनी पुन्हा पाइप उचलला. मी तरातरा जिना चढून वर गेले. त्यांचं चूक आहे हे सिद्ध करायला गेले होते, हे इथे सांगितलंच पाहिजे.

दोन नळ्या. दोन्हीत पेज, दोन्हीत ड्रममधलं एन्झाइम, दोन्ही सत्तर अंशांच्या पाण्यात. एकीत पावडरीची चिमूट, ती मात्र एन्झाइमच्या आधी. थोड्या थोड्या वेळाने दोन्हीतला थेंब थेंब बशीवर काढून गार करून आयोडिनने पाहत गेले. साध्या नळीतला रंग उतरत गेला. पावडरीच्या नळीतला सुरुवातीला जरासा उतरला आणि मग अडकला. तिथेच. कितीही थांबलं तरी.

मी पुन्हा केलं. मास्टरांसारखं मीही नळ्या उलट्यासुलट्या करून पाहिल्या.

एन्झाइमबरोबर आलेलं माहितीपत्रक माझ्याच कपाटात होतं. एका पानाचं. त्यातल्या तापमानाच्या ओळीखाली मी लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या, मास्टरांना दाखवायला म्हणून. त्याच्या चार ओळी खाली छापलेलं होतं की या एन्झाइमला टिकून राहायला पाण्यात थोडा चुना लागतो, आणि पाण्यातला चुना काढून घेणारी रसायनं त्याच टाकीत घालू नयेत. भांडणापुरती मला जी ओळ हवी होती तेवढी मी वाचली होती. पुढचं वाचलंच नव्हतं. पलसाण्याचं जड पाणी, ज्याला मी पहिल्या दिवसापासून नावं ठेवली, ते एन्झाइमला चांगलं सांभाळत होतं. त्यातला चुना मीच पावडर घालून पकडून ठेवत होते. सत्तर अंशांवर चुना नसलेलं एन्झाइम थोड्याच वेळात ढेपाळायचं. आणि तापमान आणि पावडर या दोन गोष्टी मी एकाच दिवशी, एकाच कार्डावर बदलल्या होत्या, त्यामुळे कशाने काय झालं हे कुणालाच कळणं शक्य नव्हतं. ही चूक बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलीलाही करू देत नाहीत.

मी ते पान ओट्यावर पसरून पुन्हा वरपासून वाचलं. स्वतःचाच संताप आला होता. मास्टरांच्या अडाणीपणावर मी दोन वर्षं घरीदारी व्याख्यानं दिली होती.

मास्टरांना सांगणं त्यामानाने सोपं गेलं. मी खाली जाऊन म्हटलं, "चूक माझी होती. पावडरीने दवा मारली." मला वाटलं होतं ते हसतील, टोमणे मारतील. ते गंभीर झाले. बोट टाकीत बुडवून ते तोंडात घालून त्यांनी पाण्याची चव घेतली आणि म्हणाले, "एटले आपणुं पाणी सारुं छे."

"हो, पण फक्त या कामाला."

"सारुं ते सारुं." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रंगाच्या पाण्यातूनही पावडर बंद केली! आपलं पाणी चांगलं आहे, बेननेच सांगितलं, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. तिसऱ्या दिवशी निळ्या रंगाच्या मालात राखाडी झाक आली. मी कपाळावर हात मारला. इथे पावडर नको, तिथे पावडर हवीच, हे समजवायला मला आणखी दोन महिने लागले, आणि पूर्ण समजलं असं मी आजही म्हणणार नाही.

अवघड गेलं ते भाऊंकडे जाणं. आरोप सगळ्या खात्यासमोर केला होता, तेव्हा माफीही तिथेच मागायला हवी हे मला कळत होतं आणि नको वाटत होतं. दोन दिवस मी टाळलं. लॅबमध्ये कामं काढून बसले. तिसऱ्या दिवशी पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं खात्यात असताना, मी जिगरपाशी गेले आणि मोठ्याने म्हटलं, "भाऊ, मी तुम्हाला खोटं ठरवलं. तुम्ही खरं बोलत होता. चूक माझ्या कार्डात होती."

 शेजारच्या जिगरवाल्याने उगाच आपला रूळ तपासला. भाऊ कापडाची शिवण जोडत होते ती त्यांनी पुरी केली. मग म्हणाले, "ताई, व्हॉल्व गळस, ते मी तुमले तवाच सांगं व्हतं. तो अजून गळस. त्याले दुरुस्त करा."

एवढंच. मी त्याच दुपारी फिटर बोलावून व्हॉल्व्ह बदलून घेतला. फिटरने जुना व्हॉल्व्ह उघडून दाखवला, आतली चकती झिजून कागदासारखी झाली होती.

भाऊ पुन्हा बोलायला लागले ते आठवडाभराने. मी नवं कार्ड टांगत होते. त्यांनी ते हातात घेतलं, सावकाश वाचलं. मराठी त्यांना वाचता यायचं, मी कधी विचारलंच नव्हतं. पहिल्या पाण्याच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, एक इचारू?"

"विचारा ना."

"त्या दवाईले चुना कसाले लागस? ती चुना खास का?"

दोन वर्षांत त्या खात्यात मला कुणी "का" म्हणून विचारलं नव्हतं. मास्टर नाही, शेठ नाही. सगळ्यांना किती आणि कधी एवढंच हवं असे. मी टाकीच्या कडेवर हात टेकून सांगायला लागले. म्हटलं, खात नाही. एन्झाइम म्हणजे एक लांब धागा गुंतून झालेली गाठ असते, तिचा ठरावीक आकार असेल तरच ती पिठाची साखळी पकडून तोडू शकते. चुना त्या गाठीत अडकून बसतो आणि तिला आवळून धरतो. चुना काढला की थोड्या उष्णतेनेही ती सैल पडते, उलगडते. जास्त उष्णतेने चुना असला तरी उलगडते.

"म्हनजे मास्टर उकाये तवा बी तेच, आनि तुमनी पावडर टाकी तवा बी तेच?"

 दोन वर्षं मी ज्यावरून भांडले आणि महिनाभर मी स्वतः जे केलं, ते एकच होतं, हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "तेच."

भाऊंनी मान हलवली, कार्ड पिशवीत घालून जिगरवर टांगलं आणि वाफेचा नवा व्हॉल्व्ह अर्धा फेरा फिरवला. सुती कापडाचं काम पुढे वर्षभर चाललं, मग शेठनी ते बंद करून पुन्हा सगळं पॉलिस्टरवर नेलं. त्या वर्षात खळीच्या डागाने माल परत आला नाही. इतर कारणांनी आला, आणि त्या प्रत्येक वेळी मास्टर दोन्ही हात पसरून माझ्या दारात उभे राहिले.